वस्तू संपली, हप्ता उरला

पत्र :

ताई, आम्ही नाशिकला राहतो. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, हातात ४६ हजार येतात. तीन वर्षांपूर्वी ४२ येत होते. मी घरी मसाले करते. फेब्रुवारी ते मे महिन्याला अडीचशे किलोपर्यंत माल जातो, वर्षाकाठी खर्च वजा जाता ऐंशी हजारांच्या आसपास सुटतात. घरभाडं साडेबारा हजार.

दोन वर्षांपासून वीस तारीख उलटली की हात आखडतो. तेल, डाळ, मुलीचा क्लास, सगळंच चढलं. मग किराणा क्रेडिट कार्डावर घ्यायला लागलो. गेल्या जूनची दोन्ही मुलांची फीही कार्डावरच भरली. आज कार्डावर ६८ हजार देणं आहे. महिन्याला साडेतीन हजार 'मिनिमम' भरतो. अण्णांना हे माहीत नाही.

अण्णांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग होती. लागोपाठ दोन वर्षं गारपिटीत बाग गेली, कर्ज थकलं, दोन एकर विकावी लागली. देणी भागवून जे उरलं, त्याच्या एकेक लाखाच्या चार मुदत ठेवीच्या पावत्या बँकेत आहेत, अण्णांच्या आणि मिस्टरांच्या नावावर. अण्णा म्हणतात, कर्जाचं नाव काढायचं नाही आणि पावत्यांना हात लावायचा नाही. मला मिरची कांडप यंत्र घ्यायचंय, मोटरसकट ८५ हजारांचं. सध्या किलोला चाळीस रुपये देऊन बाहेरून कांडून आणते. चुलत सासऱ्यांचा गाळा मोकळा आहे, तिथे ठेवता येईल. अण्णा म्हणतात, साठव आणि घे. पण साठतच नाहीत.

मिस्टरांचं बरोबर उलटं. ते म्हणतात, महागाईत कर्ज काढतो तोच शहाणा. रुपयाची किंमत उतरत जाते, हप्ता तोच राहतो, घर मात्र वाढत जातं. ३४ लाखांचा फ्लॅट बघून ठेवलाय. पावत्या मोडायच्या, कमी पडतील तेवढ्याला पर्सनल लोन आणि बाकी गृहकर्ज. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि कुणीतरी ताटावरून उठतं. कुणाचं खरं मानू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी वही-पेन्सिल घेऊन वाचलं. एका पतसंस्थेच्या कर्जविभागात एकतीस वर्षं काढली, ती सवय आता जायची नाही. तुमच्या घरात तीन कर्जांची चर्चा चालली आहे आणि तुम्ही तिघंही 'कर्ज' हा एकच शब्द वापरता, म्हणून वाद मिटत नाही. किराण्याचं कर्ज, यंत्राचं कर्ज आणि घराचं कर्ज यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. तिघांचा निकाल वेगवेगळा लागतो.

आधी ६८ हजारांचं बोलू. घर थांबेल, यंत्र थांबेल, हे एका रात्रीसाठीही थांबत नाही.

तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट काढा. बहुतेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तोच दर धरते. ६८ हजारांवर महिन्याचं व्याज झालं २,३८०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४२८. एकूण २,८०८. तुम्ही साडेतीन हजार भरता, त्यातले मुद्दलात जातात जेमतेम सातशे. आणि तुम्ही दर महिन्याला वीस तारखेनंतर पुन्हा किराणा घेता, तो या सातशेपेक्षा नक्कीच जास्त असणार. म्हणून दोन वर्षं नेमाने पैसे भरूनही आकडा वरच चाललाय. यात तुमच्या हिशेबाची चूक नाही, या रचनेत आकडा वरच जातो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कार्डावर चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात असं सांगतात, ते खरं आहे, पण पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी. एक पैसाही मागे राहिला की ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. तुम्ही आज शंभर रुपयांचं तेल कार्डावर घेतलं तर ते आजपासूनच महाग होत जातं. वर्षभरात तेलाचे भाव आठ टक्क्यांनी वाढतील म्हणून आपण कुरकुरतो, आणि त्याच तेलावर ४२ टक्के मोजतो. महागाईपासून सुटण्यासाठी तुम्ही घरात दुसरी, पहिलीच्या पाचपट महागाई आणून ठेवली आहे. तेल महिन्याच्या आत भाजीत गेलं, त्याचा हप्ता मात्र पुढच्या दिवाळीत भरताय.

पूर्वी वाण्याच्या दुकानात वही असायची. व्याज नव्हतं, पण वहीत आकडा फुगला की वाणी स्वतःच म्हणायचा, 'वहिनी, मागचं थोडं येऊ द्या.' त्या बोलण्याने लाज वाटायची, पण तिथे पाऊल थांबायचं. कार्ड कधी थांबवत नाही. उलट तुम्ही मिनिमम नियमित भरलं की मर्यादा वाढवून देतो असा मेसेज येतो, आणि तो कौतुकाचा वाटतो.

आता याच घरात चार लाखांच्या पावत्या आहेत. त्यावर तुम्हाला साडेसहा-सात टक्के मिळत असतील. ६८ हजारांपुरतं बघितलं तर पावतीचं महिन्याचं व्याज पावणेचारशे-चारशे रुपये. एका हाताने चारशे घेता आणि दुसऱ्या हाताने अठ्ठावीसशे देता, हे दर महिन्याला. एक पावती मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून बँक अर्धा-एक टक्का कापेल, पाचशे-हजार रुपये जातील. त्याच दिवशी कार्ड शून्यावर आणा. अण्णांचं मन पावती मोडायला अगदीच तयार नसेल, तर पावतीच्या तारणावर बँक कर्ज देते, पावतीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. साडेआठ टक्के धरले तर महिन्याचं व्याज पाचशेच्या आत. पावती जागच्या जागी राहते आणि अठ्ठावीसशेचं ओझं पाचशेवर येतं. माझा कल पावती मोडण्याकडेच आहे, कारण मोकळं होणं महत्त्वाचं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोपही महत्त्वाची आहे, म्हणून हा दुसरा रस्ता सांगितला.

मात्र एक अट. वीस तारखेनंतरची तूट भरून काढल्याशिवाय पावती मोडलीत तर वर्षभरात दुसरी मोडावी लागेल. ही तूट येते कुठून, ते पत्रातच आहे. जूनची फी. जून दरवर्षी येतो. फी, दिवाळी, गाडीचा विमा, पाहुणेरावळे हे अचानक येणारे खर्च नाहीत, फक्त दर महिन्याला येत नाहीत एवढंच. या सगळ्यांची वर्षाची बेरीज करा, बारांनी भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. कार्डाचे साडेतीन हजार आता मोकळे होणार आहेत, सुरुवात तिथूनच होईल. आणि आपल्याकडची वर्षाचं धान्य भरायची पद्धत पुन्हा सुरू करा. एप्रिल-मेमध्ये गहू, ज्वारी, डाळ एकदम भरली तर पुढच्या आठ महिन्यांची भाववाढ तेवढ्यापुरती टळते. महागाईवर मला ठाऊक असलेला सगळ्यात जुना आणि खात्रीचा उपाय हाच. त्यासाठी कर्ज लागत नाही, एक भिशी पुरते. भिशी मात्र वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या बायकांचीच असावी आणि तुमचा नंबर मेपर्यंत लागेल असं ठरवून घ्यावं. अनोळखी भिशीला कायद्याचा आधार नसतो, बुडालेले पैसे परत मिळवताना मी बायकांना रडताना पाहिलंय.

आता अण्णांकडे येते. तुमच्या पत्रात ते थोडे हट्टी दिसतात. मला ते तसे वाटले नाहीत. त्यांची भीती कुठून आली, ते सांगते, कारण तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमध्ये शेतमालाचे भाव चढले, तसे सावकार हात मोकळा सोडून कर्ज देऊ लागले. शेतकऱ्यालाही वाटलं, भाव चढतेच आहेत, फेडू सहज. हाच विचार तुमच्या घरात आज जेवताना चालतो. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला. त्यावर सरकारने १८६७ पासून शेतसारा जबर वाढवला. भाव उतरले, सारा चढला आणि रोख्यावरचा आकडा होता तिथेच राहिला, वर व्याज. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ते लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही गेलं. बहुतेक ठिकाणी माणसांना इजा झाली नाही, त्यांना कागद जाळायचे होते. १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे त्याआधीपासूनच 'दामदुप्पट' चालत आलेलं होतं. व्याज कितीही साचो, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येऊ नये, हा तो नियम. आपल्या पूर्वजांनी व्याजाला कुठेतरी कुंपण घातलं होतं. तुमच्या कार्डावर काहीच न भरता ६८ हजार तसेच ठेवले तर साडेतीन टक्क्यांनी वीस महिन्यांत दुप्पट होतात, दंड आणि जीएसटी वेगळे.

अण्णांच्या बागेत हेच घडलं. हप्त्याची तारीख ठरलेली होती, पिकाची नव्हती. त्यांचा निष्कर्ष 'कर्ज वाईट' असा झाला. मी तो थोडा दुरुस्त करीन. येणारा पैसा डळमळीत आणि जाणारा हप्ता पक्का, ही जोडी वाईट. त्या चष्म्यातून आता मिस्टरांचा फ्लॅट बघू.

त्यांचं तत्त्व चुकीचं नाही, हे त्यांना आधी सांगा. मला खरंच तसं वाटतं. ठरलेल्या रकमेचा हप्ता काळाबरोबर हलका होतो. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी घर घेतलं त्यांना विचारा, तेव्हा छातीवर दगड वाटणारा हप्ता शेवटी किरकोळ वाटत होता. पण तो हलका कशाने झाला? त्यांचा पगार वाढला म्हणून. महागाई कर्ज हलकं करत नाही, पगारवाढ करते. महागाई वाढली आणि पगार तिच्या मागे पडला तर कर्ज उलट जड होतं, कारण किराण्याला जास्त लागतात आणि हप्त्यासाठी कमी उरतात.

३४ लाखांच्या घराला बँक साधारण ८० टक्के देते आणि तुमच्या पगारावर एवढ्यापर्यंत मिळालं तरी पुष्कळ. २७ लाख धरू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता होतो २३,४३१. आजच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. पगार दरसाल सहा टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी तो ८२ हजारांवर जाईल आणि हाच हप्ता पगाराच्या अठ्ठावीस टक्के उरेल. मिस्टरांच्या डोळ्यांसमोर हे चित्र आहे. पण गेल्या तीन वर्षांत त्यांचा पगार ४२ वरून ४६ झाला, म्हणजे वर्षाला तीन टक्के. त्याच चालीने दहा वर्षांनी ६२ हजार होतील आणि हप्ता तेव्हाही ३८ टक्के खात असेल. पगाराची चाल स्वतःच्या स्लिपवरून धरायची, वर्तमानपत्रातल्या महागाईच्या आकड्यावरून नाही.

'हप्ता तोच राहतो' हेही तपासून घ्या. आज बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली अशी कर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक करून रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याच्याशी), बांधलेली आहेत. मे २०२० पासून दोन वर्षं रेपो ४ टक्के होता. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली आणि तिला आवर घालायला रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो साडेसहावर नेला. त्यानंतर २०२५ मध्ये तो उतरायला लागला, पण मधल्या काळात काय झालं ते बघा. समजा, कुणी ७ टक्क्यांनी २७ लाख घेतले होते, हप्ता २०,९३३. दर साडेनऊ झाला की नव्या कर्जावरचं नुसतं महिन्याचं व्याजच २१,३७५ होतं. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही मुद्दल हलत नाही. हप्ता तोच ठेवून बँका मुदत वाढवत गेल्या, पन्नाशीच्या माणसांची कर्जं साठीपलीकडे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दराकडे जायचं. महागाई आली की व्याजही तिच्या पाठोपाठ येतं. ज्या महागाईच्या भरवशावर मिस्टर कर्ज काढायला निघालेत, तीच त्यांचा हप्ता वाढवू शकते.

पण या सगळ्यापेक्षा मला भीती वाटली ती पत्रातल्या एका वाक्याची : 'कमी पडतील तेवढ्याला पर्सनल लोन.' ३४ लाखांत २७ बँकेचे, सात तुमचे. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सव्वादोन लाखांहून जास्त. (घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ३४ हजार वाचतात. याचा विचार जरूर करा.) म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ लाख घरचे हवेत. आहेत चार. साडेपाच लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर त्याचा हप्ता जवळजवळ १२,८००. गृहकर्जासह ३६,२००. पगार ४६ हजार. उरलेल्या पावणेदहा हजारांत पाच माणसं, दोन शाळा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि अण्णांची औषधं. आणि पावत्या संपलेल्या. पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येईल, तेही फेडायला पावती नसताना.

माझ्या टेबलासमोर एक शिक्षक यायचे. पगार पक्का, सरकारी. तिसरं कर्ज मागायला आले तेव्हा मी विचारलं, कशासाठी. म्हणाले, दुसऱ्याचा हप्ता भरायला. ते उधळे नव्हते, व्यसनी नव्हते. घर घेताना हातचं सगळं लावून बसले होते, एवढंच. त्यानंतर घरात जे काही आलं, आईचं ऑपरेशन, मुलीचं लग्न, ते सगळं कर्जानेच करावं लागलं. मी ते प्रकरण मंजुरीला पाठवलं. आजही त्याचं मला वाईट वाटतं.

घर घ्या, पण त्याआधी दीड वर्ष हप्त्याची तालीम करा. घर घेतलंत तर दरमहा भाड्याहून अकरा हजार जास्त जातील, मेंटेनन्स धरून तेरा. पुढच्या महिन्यापासून तेवढे तेरा हजार आवर्ती ठेवीत टाका, जणू हप्ताच आहे. तीन महिन्यांत पाय ओढायला लागला तर मिस्टरांना कुणी सांगायची गरज उरणार नाही, त्यांचं त्यांनाच कळेल. आणि दीड वर्ष जमलं तर सव्वादोन लाखांहून जास्त साठलेले असतील, शिवाय घरात ती सवयही आलेली असेल. मग ३४ ऐवजी पंचवीस-सव्वीस लाखांचा, थोडा जुना पण कागदपत्रं स्वच्छ असलेला फ्लॅट बघा. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण म्हणून नव्वद घ्यायचेच असं नाही. घराच्या किमती तोवर वाढतील, ही मिस्टरांची हुरहुर मला कळते. वाढतीलही. पण घर थोडं महाग मिळालं तर माणूस सावरतो, हप्ता थकून घर गेलं तर वर्षानुवर्षं सावरत नाही. अण्णांना हे माहीत आहे.

आणि आता तुमचं यंत्र, ज्यावर मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटलं.

तुम्ही चार महिने दरमहा अडीचशे किलो कांडून आणता, किलोला चाळीस. महिन्याचे दहा हजार, हंगामाचे चाळीस हजार दुसऱ्याच्या यंत्राला जातात. स्वतःचं यंत्र घेतलं तर वीज, जाळ्या-पट्टे, दुरुस्ती, मदतीला एखादी बाई, असे बारा हजार धरा. अठ्ठावीस हजार वाचतात. शेजारपाजारच्या बायकांची मिरची-हळद कांडून दिलीत तर त्याची कांडणावळ वेगळी, ती मी धरलेलीच नाही. मोडलेल्या पावतीतले कार्ड फेडून ३२ हजार उरतील. त्यातले २५ यंत्रात घाला, उरलेले गाळ्यातल्या वीजजोडणीला ठेवा. महावितरणकडे आधी चौकशी करा, घरगुती मीटरवर हे चालणार नाही. बाकी ६० हजारांचं कर्ज काढा. १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी हप्ता १,९९३, वर्षाचे चोवीस हजारांच्या आत. वाचलेल्या अठ्ठावीस हजारांतून हप्ता निघतो आणि तीन वर्षांनंतर हप्ता संपतो, यंत्र उरतं. किराण्याच्या कर्जात आधी वस्तू संपते आणि हप्ता मागे उरतो. तुमच्या घरात आज ज्या तीन कर्जांचं बोलणं चाललंय, त्यातलं हे एकच मी आत्ता काढा म्हणेन.

कर्ज घेताना दुकानदाराच्या फायनान्सवाल्याचा 'फक्त बारा टक्के' ऐकून सही करू नका. तो बहुधा फ्लॅट रेट असतो, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवरच. ६० हजारांवर तीन वर्षांचं सरळ व्याज २१,६०० लावून हप्ता काढला की तो २,२६७ होतो आणि खरा दर एकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा बघा, दुसरं काही बघू नका. बँकेत जाऊन मुद्रा कर्जाचं विचारा. त्यात ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला शिशु म्हणतात, त्यावरच्याला किशोर, तारण लागत नाही. आणि मसाला हा अन्न प्रक्रियेचाच धंदा आहे, तेव्हा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची यंदाची स्थिती विचारून घ्या. त्यात बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. ते रोख हातात येत नाही, कर्जखात्याशी जोडलेलं असतं, म्हणून त्याच्या भरवशावर दुसरा खर्च धरू नका. 'मंजूर करून देतो' म्हणणाऱ्या मधल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

एक सावधगिरी, आणि इथे अण्णांची गरज लागेल. हप्ता बारा महिने आहे, मिरची चार महिने. बागेत जे झालं ते इथेही लहान प्रमाणात होऊ शकतं. आमच्याकडे एक गिरणीवाल्या मावशी यायच्या. दळणाचे पैसे आले की पहिल्यांदा त्या दिवसाच्या हप्त्याचे पैसे पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, मग बाकीचे पदराला. दिवाळीत दळण वाढलं की डब्यात दुप्पट पडायचे, पावसाळ्यात कमी. पण हप्ता एकदाही चुकला नाही. तुम्ही मे संपायच्या आत पुढच्या आठ महिन्यांचे हप्ते, म्हणजे सोळा हजार, बाजूला काढूनच मग बाकीच्या पैशांना हात लावा. कितवा हंगाम कसा जाईल, केव्हा मिरची भरायची, किती राखून ठेवायची, हे घरात अण्णांइतकं कुणाला कळतं?

म्हणून कार्डाची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका. पावतीवर त्यांचीही सही लागणार आहे, आणि सही घ्यायच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. जेवताना नको. सकाळचा चहा झाला की तुम्ही दोघांनी मिळून स्टेटमेंट त्यांच्यापुढे ठेवा, त्यांचा चष्मा शोधून द्या आणि २,८०८ हा आकडा त्यांना स्वतः वाचू द्या. चिडतील. चिडू द्या. मग यंत्राचा हिशेब ठेवा, आणि त्यांना विचारा की हंगामात हप्ते बाजूला कसे काढायचे, ते काम तुम्ही बघाल का.

पहिला हंगाम झाला की मला लिहा. किती किलो कांडली, वीज किती आली, आणि जूनपर्यंत डब्यात किती हप्ते पडले ते कळवा. मी वही उघडीच ठेवते.